टेलचं पाणी

रायखेडी, ता. पारोळा
४ ऑक्टोबर २०२३

नवलभाऊ,

वहिनीला आधी सांग, की हे पत्र वाटणीबद्दल नाही. नाहीतर ती न फोडताच कपाटावर ठेवून देईल. तू माझा फोन घेत नाहीस. ज्योत्स्नाच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून बंद करतोस. मग टपालाशिवाय रस्ता कुठे उरला? पाकीट घेताना पारोळ्याच्या पोस्टातली बाई म्हणाली, "रजिस्टर करा ना, साधं पत्र आता कोण टाकतं?" मी साधंच टाकते आहे. रजिस्टरचं पाकीट बघून तुला कोर्टाचं वाटलं असतं.

काम असं आहे. आपल्या चारी नंबर सातच्या पाणी वापर संस्थेला पाटबंधारे खात्याची नोटीस आली आहे. आबा अध्यक्ष होते तोवर सभा व्हायच्या, निवडणूक व्हायची. आबा गेल्यावर कोणी दप्तर उघडलं नाही. समितीची मुदत कधीच संपली. तरी कालव्याला पाणी सुटायचं आणि ज्याच्या हाताला लागेल तो घ्यायचा. हेडवाल्यांच्या, चारीच्या तोंडाशी वावरं असलेल्यांच्या, हाताला आधी लागायचं, हे तुला मी सांगायला नको.

आता नवीन शाखा अभियंता मॅडम आल्या आहेत. त्या मारुतीच्या पारावर येऊन सगळ्यांसमोर स्पष्ट बोलल्या. म्हणाल्या, "कायद्याप्रमाणे आम्ही पाणी एकेका शेतकऱ्याला देत नाही, संस्थेला देतो. तुमची संस्था नुसती नावाला उरली आहे. मग मागणी कोण करणार, करारावर सही कोण करणार? रब्बीच्या आधी निवडणूक घ्या. नाही घेतली तर तुमचा कोटा सुटणार नाही, आणि तो दुसऱ्या चारीने मागितला तर मला नाही म्हणता येणार नाही."

हेडचे योगराज आप्पा उठून म्हणाले, "मॅडम, हे पाणी आमच्या बापाच्या वेळेपासून आमचं आहे."

त्यावर मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आप्पा, पाणी राज्याचं आहे. तुमचा आहे तो वापरायचा हक्क. तो तुमच्या जमिनीबरोबर येतो आणि संस्था जिवंत असेल तोवर टिकतो. बापाच्या नावावर तो टिकत नाही."

धरण आपल्याला डोळ्यांनी दिसतं म्हणून पाणी आपलंच, असं आपण सगळेच धरून चाललो होतो.

तर सभा २२ तारखेला, रविवारी, शाळेत आहे. तुझं हेडचं वावर कौतिक बटाईने कसतो हे खरं, पण सातबारा तुझा आहे, म्हणून मत तुझं. हेडचे लोक आले नाहीत तर सभाच भरत नाही. माझ्याकडे चहाला ये असं मी म्हणत नाही. शाळेत ये, हात वर कर आणि पुढची बस धरून जा.

रस्त्याकडचं वावर तू कोणाला गोडाऊनसाठी देणार आहेस असं गावात बोलतात. असेल तर असेल. मी विचारत नाही.

आमचं बरं चाललं आहे. तुझी भाची ज्योत्स्ना धुळ्याला शिकते. पाऊस कमीच झाला, तरी मी हरभरा टाकणार आहे.

तुझी बहीण,
हेमलता


रायखेडी
१६ नोव्हेंबर २०२३

नवलभाऊ,

तू आला नाहीस. पण सभा झाली. पहिल्या रविवारी माणसं भरली नाहीत, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा बोलावली. कौतिक आला होता. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मालकानी सांगेल शे, आपले यानामा पडनं नही." तू खरंच तसं सांगितलंस की त्याने मनाचं लावलं, मला माहीत नाही.

मॅडमनी कायदा वाचून दाखवला. मला वाटलं होतं कंटाळा येईल. नाही आला. समितीत हेड, मधला भाग आणि शेवटचं टेल, तिघांचे सारखे लोक घ्यायचे असं त्यात आहे. बायकांच्या जागा आहेत. आणि अध्यक्षपद तिघांत फिरतं ठेवायचं, त्यात पहिली पाळी टेलची. हे ऐकल्यावर हेडच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. एक जण तर म्हणालाच, "बाईमानूसले पानीनं काय कळस?" शेवंताबाईने मागून सुनावलं, "डोकावर हांडा आमीनच वाहतस ना?" शेवंताबाई म्हणजे माझ्या वावराच्या खालचं वावर जिचं आहे ती, नवऱ्यामागे एकटीने शेती करते. मग सगळे हसले आणि विषय पुढे गेला.

टेलकडून एक बाई निवडली. अध्यक्षही तीच झाली.

ती मीच आहे. वरच्या ओळीत तसं लिहायला मला अवघड वाटलं. झुलालनानाने माझं नाव सुचवलं. नाना आता खूप थकला आहे, काठी घेऊन चालतो. आबांच्या वेळी तो पाटकरी होता, चारीची दारं उघडायचा, हे तुला आठवत असेल. तो म्हणाला, "आबानी पोर शे, खोटं बोलावं नही तिले."

आबांच्या खुर्चीवर बसताना मला तुझी आठवण आली असं लिहिलं तर तू म्हणशील, ही गोड बोलून काम करून घेते. तेव्हा ते राहू दे. पण एक गोष्ट सांगते. माझं नाव सातबारावर आहे म्हणूनच मी सभासद झाले. आबा गेल्यावर तू आणि वहिनी हक्कसोडपत्र घेऊन आला होता. गावातल्या सगळ्या बहिणी सही करतात तशी मी करावी, अशी तुमची अपेक्षा होती. मी केली नाही. तेव्हा तू म्हणालास, "मग टेलचं घे. तिथं पाणी पोचत नाही, बस राखत." मी घेतलं. माझा नवरा तेव्हा नुकताच गेला होता आणि ज्योत्स्ना लहान होती. मला वावर हवं होतं. आजही तेच कागद समोर ठेवलेस तर मी तेच करीन. यावरून आपलं बोलणं बंद झालं, याचं मला वाईट वाटतं. सही न केल्याचं वाटत नाही.

करार झाला. डिसेंबरात पहिलं आवर्तन सुटेल. नियम असा की पाणी आधी टेलला, मग मधल्या भागाला, शेवटी हेडला. इतकी वर्षं उलटं चाललं होतं.

भाऊबीज काल झाली. मी चंद्राला ओवाळलं.

हेमलता


रायखेडी
२० डिसेंबर २०२३

नवलभाऊ,

अक्षर वाकडं येतं आहे. पेन खराब आहे.

हे पत्र मी बहीण म्हणून लिहिते की अध्यक्ष म्हणून, माझं मलाच ठरत नाही. तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिते.

पाणी सुटलं. पाळी टेलची होती. वरची सगळी दारं बंद केली होती. शेवंताबाई आणि मी सकाळपासून बांधावर होतो. मधल्या भागापर्यंत पाणी आलं तेव्हा तिकडच्या पोरांनी ओरडून सांगितलं. आम्ही फावडी घेऊन उभ्या राहिलो. पाटात थोडं ओलं झालं, पाला वाहत आला, आणि मग काहीच नाही. तासभर वाट पाहिली. शेवटी झुलालनाना म्हणाला, "चाला वर, देखूत काय व्हयनं ते."

पाट धरून आम्ही वर गेलो. नानाला चालवत नव्हतं, तरी आला. तुझ्या वावरात पाट फोडलेला होता, चांगला बैलगाडी जाईल एवढा. सगळं पाणी मक्यात. कौतिक बांधावर बसून तंबाखू मळत होता.

मी म्हटलं, "कौतिकभाऊ, आज पाळी टेलनी शे."

"पाळी कागदवर शे. मना मक्का आठे उभा शे."

"मक्काले पानी भेटी. तुमनी पाळी शेवटले शे."

तो उठला. "वावर नवलशेठनं, पाट नवलशेठना वावरमा. तू कोन इचारनारी?"

मी तुझी बहीण आहे, हे तोंडात आलं होतं. पण मी म्हटलं, "मी संस्थानी अध्यक्ष शे."

तो हसला आणि पाणी पाहायला निघून गेला. आम्ही पोती भरून ते भगदाड बुजवायचा प्रयत्न केला, पण जोर फार होता. दुपारनंतर वरचं पाणीच कमी झालं. टेलला या आवर्तनात थेंब मिळाला नाही. माझा हरभरा तग धरून आहे. शेवंताबाईचा निम्मा गेला.

समितीची बैठक झाली. हेडचे लोकही होते, आणि मला वाटलं होतं ते कौतिकची बाजू घेतील. पण योगराज आप्पाच म्हणाले, "आज त्यानं टेलचं पाणी घेतलं, पुढच्या वेळी माझं घेईल." ठराव झाला. त्या गटाचं पाणी बंद. जमीनमालकाने स्वतः सभेपुढे यावं, पाट नीट बांधून द्यावा, पुन्हा असं होणार नाही अशी हमी द्यावी, तोवर बंद. कौतिक नुसता कसतो. वावर तुझं आहे, म्हणून जबाबदारीही तुझ्यावर येते.

ठरावाखाली अध्यक्षाची सही लागते.

मी केली, भाऊ. आबांनी ज्या वावरात आपल्याला पाणी धरायला शिकवलं, त्याच वावराचं पाणी मी बंद केलं. घरी येऊन मी जेवले नाही. दुसरी कोणाची जमीन असती तर मी केली असती का? केली असती. मग तुझी आहे म्हणून न करणं बरोबर झालं नसतं.

हेमलता


रायखेडी
८ जानेवारी २०२४

नवलभाऊ,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. र अजून तसाच काढतोस, पोटफुगा. पाकीट फोडण्याआधी मी ते थोडा वेळ हातात घेऊन बसले. मग फोडलं.

तू लिहिलंस, "आबांच्या वावराचं पाणी तोडताना तुला लाज वाटली नाही. आज ते असते तर तुला दारात उभं केलं नसतं." बाकीचं मी इथे लिहीत नाही. तुझं तुला माहीत आहे.

आबा असते तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, तुलाही येणार नाही. पण आपल्या काकांनी एकदा पाळी मोडली होती तेव्हा आबांनी भर चौकात सांगून त्यांच्या पाटाचं दार बंद केलं होतं. काका वर्षभर आपल्याकडे आले नाहीत. तू तेव्हा आबांच्या बाजूने भांडला होतास.

एक दुरुस्त करते. मागच्या वेळी पेन खराब आहे लिहिलं, ते खोटं होतं. पोती टाकताना पाय घसरला आणि मनगट दुखावलं. पारोळ्याला फोटो काढला, हाड मोडलं नव्हतं. आता बरं आहे. कौतिकने मला हात लावला नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण गावात काहीही पसरतं. मी पडले तेव्हा तोच धावत आला होता. मला उठवून बसवलं आणि पुन्हा पाण्याकडे गेला. माणूस वाईट नाही. उभं पीक त्याच्याही घरचं आहे.

आता मुख्य. मागल्या आठवड्यात दीपचंद शेठ आले होते, पारोळ्याचे, कपाशीचे व्यापारी. तुझं रस्त्याकडचं वावर तेच घेत आहेत हे तेव्हा कळलं. सोबत त्यांच्या आई होत्या, सायरबाई. त्यांनी ओटा चढता चढता विचारलं, "बेटी, इस जमीन का कोई झगड़ा तो नहीं?" मी म्हटलं, जमिनीचं भांडण नाही, पाण्याचं आहे, बसा, सांगते.

मी त्यांना सांगितलं तेच तुला सांगते. गोडाऊन करायचं म्हणजे जमीन बिगरशेती करावी लागेल. ती झाली की गट लाभक्षेत्रातून निघतो. त्याबरोबर पाण्याचा हक्कही जातो, आणि तो वाटा चारीवरच्या बाकीच्यांत वाटला जातो. चारीचा पाट मात्र वावरातून जातो तो तसाच ठेवावा लागेल, बुजवता येणार नाही. शेठ विचारात पडले. म्हणाले, "नवलभाऊंनी यातलं काहीच सांगितलं नाही." मी म्हटलं, त्याला माहीत नसेल.

तुला माहीत होतं का? माझा अंदाज आहे, नव्हतं. तुला वाटत असेल, मागचा तुकडा राहील आणि सगळ्या वावराचं पाणी त्याला मिळत राहील. मॅडमना मी नकाशा दाखवून विचारलं. रस्त्याकडचा तुकडा गेला तर तेवढ्या जमिनीचं पाणी गेलं. पुढे कधी परत मागशील तर मिळेल याची खात्री कोणी देत नाही.

ओट्यावरचं हे सगळं शेवंताबाईने ऐकलं. शेठ गेल्यावर माझ्यावर उखडली. "तू येडी शे का? इकू दे त्याले. त्यानं पानी आपले येई. टेलले आजलोंग काय भेटनं?" ती खोटं बोलत नव्हती. तुझा वाटा सुटला तर त्यातला माझ्या वावरालाही येतो. मी गप्प राहिले असते तर कोणी मला नाव ठेवलं नसतं. दोन-तीन दिवस मी खरंच विचार करत होते, की हे पत्र टाकू की नको.

टाकते आहे. विकायचं असेल तर विक, जमीन तुझी आहे. पण काय जातं ते माहीत करून घेऊन विक. न कळता हक्क गेला, असं आपल्या घरात होऊ नये.

आणि पाणी बंद झालं म्हणजे हक्क संपला असं नाही. तो नुसता थांबवला आहे. तू सभेत ये, पाट बांधून दे, हमी दे, की चालू होईल. तसं ठरावातच लिहिलं आहे. ते वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं. सभा २८ तारखेला आहे.

हेमलता


रायखेडी
२९ जानेवारी २०२४

नवलभाऊ,

काल तू सभेला आलास. शेवटच्या बाकावर बसलास. मी हजेरी घेत होते. तुझं नाव उच्चारताना माझा आवाज बदलला, हे शेवंताबाईने मला घरी आल्यावर सांगितलं. तू "हजर" म्हणालास, शाळेतल्यासारखं.

तुझे केस पार पांढरे झाले आहेत. कोणी सांगितलं नव्हतं.

तू एवढंच बोललास, "पाट माझ्या वावरात फुटला. कौतिकला मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आज सकाळी आम्ही दोघांनी पाट बांधला आहे. पुन्हा असं होणार नाही, ही माझी हमी. कोणाला जाऊन पाहायचं असेल तर पाहा." आणि मग एकदम, "माझी बस आहे," म्हणून उठून गेलास. निकाल ऐकायला थांबला नाहीस. म्हणून तो कळवते.

तू गेल्यावर मी म्हटलं, हा माझा भाऊ आहे, मी या विषयात बोलणार नाही आणि मतही देणार नाही. खुर्ची योगराज आप्पांना दिली आणि खाली येऊन बसले.

शेवंताबाई उठली. तिचा राग खोटा नव्हता. "मना हरभरा सुकना तव्हय कोठे व्हता हाऊ? आते मक्का सुकस ते उना पयत." टेलचे सगळे तिच्या बाजूने माना हलवू लागले. कोणी म्हणालं, या हंगामात तरी देऊच नका, पुढच्या वर्षी पाहू. एक जण म्हणाला, कायमचंच बंद करा, तसंही तो विकणारच आहे.

मी खाली बघत बसले होते. काय ठरेल याचा मला काहीच अंदाज नव्हता.

झुलालनानाने काठी टेकली आणि उभा राहिला. त्याचं वावर माझ्याही पुढे, अगदी शेवटी आहे, म्हणून सगळे ऐकतात. तो म्हणाला, "आपीन सांगं, ये, पाट बांधी दे, हमी दे. तो उना. पाट बांधना. मी सकाय सकाय देखी उनू, चांगला बांधेल शे. आते आपीन नही म्हनसूत, ते कौतिकमा आनि आपलामा काय फरक? आज राग उना म्हनीसन त्यानं तोडसूत, सकाय राग उना म्हनीसन कोनी आपलं तोडी."

मग शेवंताबाईच म्हणाली, पण पदर खोचून, भांडल्यासारखं, "दे मंग. पन पाळीले त्यानी सोता उभं ऱ्हावं. बटाईवालाले धाडावं नही. आनि शेवटले घ्यावं, बठ्ठासनं व्हयनावर."

ते सगळ्यांना पटलं. ठराव झाला. तुझं पाणी सुरू.

तर पुढच्या आवर्तनात तुझी पाळी शेवटची. तारीख वर सांगतील तशी कळवीन. स्वतः यावं लागेल. जुने कपडे आण. मेहरूणला, शहरात राहून तुला चिखलाची सवय गेली असेल.

दीपचंद शेठना पारोळ्यातच बाजार समितीजवळ जागा मिळाली, असं त्यांच्या मुलाने, संयमने, बाजारात भेटला तेव्हा सांगितलं. तू नाही म्हणालास की त्यांनीच सोडलं, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ज्योत्स्नाला तुझा फोन आला होता म्हणे. "आईचं मनगट कसं आहे" एवढं विचारलंस आणि ठेवलास. मनगट बरं आहे.

हेमलता


रायखेडी
१३ फेब्रुवारी २०२४

भाऊ,

काल आपण दिवसभर एकाच वावरात होतो आणि किती थोडं बोललो. तू वरच्या बाजूला फावडं घेऊन, कौतिक खाली मक्यात, मी पाटाच्या दाराशी. अध्यक्षाने प्रत्येक पाळीला हजर राहायचं असा नियम नाही. मी आले होते.

तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीस तेव्हा कौतिकला हसू आलं. "शेठ, पाय पह्यले भुईवर ठेवा, मंग चिखलमा," असं तो म्हणाला, आणि तू त्याला शिवी दिलीस. ती आबांचीच शिवी होती. मी पाठ फिरवून हसले. थोड्या वेळाने पाहिलं तर तू बरोबर बांध फोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होतास, हात आपोआप चालत होते. पाण्याचा आवाज, मक्याची पानं, आणि तुम्ही दोघं एकमेकांना ओरडून सांगताय, "इकडे सोड, तिकडे बांध." मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

दुपारी शेवंताबाईने भाकरी आणि वांग्याचं भरीत पाठवलं, सगळ्यांसाठी. तुझ्यासाठी वेगळं सांगून पाठवलं नव्हतं, पण भाकऱ्या जास्त होत्या. तू खाल्लंस आणि म्हणालास, "अजून आहे का?" तिला सांगितलं मी. तिने तोंड वाकडं केलं, पण खूश झाली.

पाणी संपत आलं तेव्हा तू हात धुवायला पाटापाशी आलास. माझ्या शेजारीच बसलास. आणि माझ्याकडे न बघता विचारलंस,

"तुना वावरमा पानी पोचनं का, हेमा?"

मला हेमा म्हणून हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. तेवढ्यात कौतिक दार बंद करायला आला, तुझी बस आली, तू रस्त्याकडे पळालास. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं. म्हणून आज सकाळी सगळं बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसले.

ऐक. आमची पाळी मागल्या सोमवारी होती. या वेळी तुझ्या वावरातून पाणी सरळ खाली आलं. तू आणि कौतिकने बांधलेल्या जागी थेंबभरही झिरपलं नाही. मधल्या भागातले लोक आपापल्या दारांवर बसून राहिले होते, कोणी हात लावला नाही. आम्ही बायका पाटात उतरून पालापाचोळा काढत होतो. इतक्या वर्षांत पाणी आलंच नव्हतं, म्हणून टेलच्या पाटात काटेरी झुडपं वाढली होती. आमच्या लोकांनी तो पाट म्हणजे गुरं न्यायची वाट करून टाकली होती. आदल्या दिवसापासून आम्ही तो मोकळा करत होतो.

आधी थंड वारा आल्यासारखं वाटलं. मग पुढे फेस, काड्या, वाळलेली पानं, मुंग्या घेऊन ते वळणावरून आलं. फार मोठं नाही. पण थांबलं नाही. ते माझ्या पायावरून गेलं. झुलालनाना बांधावर बसला होता, तो एकदम ओरडला, "उनं वो, उनं!" एवढा म्हातारा माणूस, काठी टाकून उभा राहिला. शेवंताबाई रडत होती आणि वर मी का रडते हे मलाच विचारत होती, "काब्र रडी ऱ्हायनी तू?"

मी पहिला वाफा भरला. मग दुसरा. जमीन पाणी पितानाचा आवाज मी विसरले होते. पाणी वाफ्यात शिरतं आणि भेगांतून बुडबुडे येतात, तो आवाज. हरभऱ्याचे घाटे भरायचेच होते, अगदी वेळेवर आलं. माझं झाल्यावर पाणी शेवंताबाईकडे गेलं, आणि तिच्याकडून नानाच्या वावरात, जिथे चारी संपते. तिथे पाट संपून बांध लागतो. पाणी त्या बांधाला जाऊन टेकलं तेव्हा नानाने ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. पुढे जायला जागाच नव्हती. तिथून नानाने आम्हाला हाक मारली, येऊन बघा म्हणून. आम्ही सगळे गेलो आणि नुसते बघत उभे राहिलो.

तू टेलचं घे म्हणाला होतास तेव्हा हे कोणालाच खरं वाटलं नसतं. मलाही नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, भाऊ. उशीर झाला, पण देते.

पोचनं. शेवटला वाफालोंग पोचनं.

तुझी,
हेमा